कट्ट्याचं माप

सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या हातात एखादी वस्तू द्या. ती सुंदर आहे की नाही, यावर तो अवाक्षर बोलणार नाही. हातावर जोखेल, उजेडात धरेल आणि विचारेल, "ह्यातनं निघंल किती?" विट्याच्या नाथाजींचं अख्खं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. मोडीच्या दागिन्यांतून सोनं किती निघेल, मुशीच्या तळातून किती निघेल, दुकानाच्या केरातून किती निघेल. आता सत्तरी ओलांडल्यावर तोच प्रश्न ते स्वतःच्या घराला विचारत होते. घर विकायला काढलं होतं, आणि विकायच्या आधी कशाकशाची दुरुस्ती केली तर ती अंगाशी येणार नाही, याचा हिशेब चालला होता.

नाथाजी मिसरूड फुटायच्या आत मदुराईला गेले. विट्याकडची अर्धी पोरं तेव्हा अशीच दक्षिणेला पांगायची. रानात पिकेना, आणि सोनं गाळायच्या दुकानात ओळखीचा कुणीतरी असायचाच. तेजाबाचा वास आणि भट्टीची धग यांत त्यांचं तरुणपण गेलं. तमिळ इतकं पक्कं झालं की राग आला की शिव्या तमिळमध्ये सुटायच्या, देवापुढं मात्र मराठी. लग्न झालं ते रंगुबाईंशी. नाथाजी ताडमाड उंच आणि रंगुबाई त्यांच्या काखेखालून सहज निघून जातील एवढ्या. अंतरपाट धरला तेव्हा पलीकडं नवरी आहे की नुसताच शालू उभा केलाय, अशी थट्टा झाली होती. रंगुबाईही मदुराईला गेल्या आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार केला. दुकानाच्या केरात सोन्याचे कण असतात, म्हणून केर फडक्यात बांधून ठेवायचा, हे त्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या. ती सवय अशी हाडीमासी खिळली की विट्यात आल्यावरही त्या केर बांधून कोपऱ्यात ठेवायच्या. शेजारच्या साळूबाई म्हणायच्या, "आगं, हितं काय सोनं गळतंय व्हय?" मग रंगुबाई जीभ चावायच्या आणि फडकं उकिरड्यावर झटकून यायच्या.

पैसा आला तसं गावाकडं घर बांधायचं ठरलं. गलाईवाल्यानं गावाकडं बंगला बांधला नाही तर त्यानं मदुराईत काय दिवे लावले, हे कुणाला कळणार? मायणी रस्त्याला जागा घेतली, पण भट्टी सोडून यायला जमेना. बांधकाम झालं ते फोनवर. गेटावर दोन सिंह हवेत, जिन्याच्या खिडकीला रंगीत काचा हव्यात, दारावर गणपती कोरलेला हवा, हे नाथाजी गवंड्याला घडाघडा सांगायचे. आधी ज्यांनी बांधली त्यांच्या घरांना हे सगळं होतं, आणि आपलं उणं दिसायला नको होतं. एकदा गवंड्यानं विचारलं, स्वयंपाकघरातल्या कट्ट्याची उंची किती ठेवू?

नाथाजींना जन्मात एकच कट्टा ठाऊक होता, तो दुकानातल्या भट्टीचा. त्याच्यापुढं दिवसभर उभं राहिलं तरी त्यांची कंबर धरत नसे, कारण तो त्यांच्याच मापानं बांधलेला. कट्टा म्हणजे एवढाच असतो, असं त्यांच्या मनात पक्कं. त्यांनी सुतळी घेतली, भट्टीच्या कट्ट्याला लावली, गाठ मारली आणि गावाकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाच्या खिशात घातली. रंगुबाई तेव्हा भिंतीपलीकडं भात टाकत होत्या. त्यांना विचारावं, हे नाथाजींच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी रंगुबाई कट्ट्यापुढं उभ्या राहिल्या तर तो त्यांच्या छातीला लागला. दूध उतू घालायचं तर पातेल्यात बघायला टाचा उचलाव्या लागल्या. बायका हसल्या, त्याही हसल्या, आणि देवघरातला पाट आणून त्यावर उभ्या राहिल्या. त्याच रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "आवं, त्यो कट्टा तेवढा खाली घ्या की."

"घेऊ की. कायमचं ऱ्हायला आल्यावर घेऊ. पंधरा दिसासाठी कशाला फोडाफोड?"

हे बोलणं तसं शहाणपणाचंच होतं. दर वर्षी दसऱ्याला ते पंधरा दिवस यायचे. मिरजेला उतरायचं, तिथून एसटी. कुलूप काढलं की बंद घराचा कोंदट वास अंगावर यायचा. पहिला दिवस कोळिष्टकं काढण्यात जायचा. मग दसऱ्याला देवांच्या पालख्या शर्यतीत पळायच्या, नाथाजी पोरासारखे घसा बसेस्तोवर ओरडायचे, भेटीगाठी व्हायच्या, गेलेल्यांच्या घरी जाऊन बसणं व्हायचं. त्यांचा लहानगा मुलगा जयराज जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचा आणि मदुराईला परत जायचं नाही म्हणून रडायचा. निघायच्या सकाळी रंगुबाई सगळं झाकून ठेवायच्या आणि शेवटी तो पाट उपडा करून कट्ट्याखाली सरकवायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच सापडायचा. कट्ट्याचं त्या दर वर्षी एकदा बोलायच्या आणि नाथाजी दर वर्षी तेच उत्तर द्यायचे. पुढं पुढं त्यांनी बोलणं सोडून दिलं. नाथाजींना वाटलं, सवय झाली असेल.

आता दुकान जयराज बघत होता. त्याच्या पोरांना विटं म्हणजे फोनमधले चार फोटो. "आप्पा, घर किती दिवस कुलपात ठेवायचं? विकून टाकू," तो म्हणाला. नाथाजींनी आत बघत विचारलं, "काय गं?" रंगुबाई म्हणाल्या, "तुमी म्हनाल तसं." त्या घरात या वाक्याचा अर्थ आजवर होकार असाच धरला गेला होता.

दुरुस्ती करून घ्यायची म्हणून दोघं विट्याला आले. नाथाजींच्या चुलत बहिणीचा मुलगा कृष्णात घरं-प्लॉट विकून द्यायचं काम करायचा. त्यानं चपला घालूनच घरभर फेरी मारली. वरची गच्ची गळते, ती आधी करायची. भिंतींचा गुलाबी रंग जाऊन फिकट बदामी यायला हवा. खालचा संडास कमोडचा करायचा.

"आन् त्या डाव्या सिंव्हाचा जबडा तुटलाय, त्यो बसवाया लागंल," नाथाजी म्हणाले.

"मामा, गिऱ्हाईक आदी किचन बघतंय, मग संडास-बाथरूम. सिंव्ह कोन बघतंय? त्यातनं काय निघत न्हाई."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून असं आपल्यावर येईल, असं नाथाजींना कधी वाटलं नव्हतं. रंगीत काचांचं नावच त्यांनी काढलं नाही, न जाणो कृष्णात त्याही काढायला सांगायचा. तोवर कृष्णात स्वयंपाकघरात पोचला होता. कट्ट्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ह्यो पयला फोडा. नवा ग्रॅनाईटचा करा, त्यातनं दुप्पट निघंल. आवं, ह्यो कुनाच्या मापाचा केलाय? उंटाच्या?"

रंगुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नाथाजींना हसू आलं नाही, पण कट्टा फोडायचं त्यांनी कबूल केलं. तो खर्च वसूल होणार होता.

दुरुस्ती म्हटली की गवंडी आज येतो, उद्या येत नाही. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. एवढे दिवस सलग त्या घरात ते कधीच राहिले नव्हते. दुधाचा रतीब लागला. रंगुबाईंनी मागच्या दाराशी कढीपत्ता लावला, नाथाजी म्हणाले, "इकायच्या घरात कशाला?" आणि मग स्वतःच त्याला पाणी घालू लागले. साळूबाई दुपारी निवडायला भाजी घेऊन यायच्या. एका संध्याकाळी नाथाजी जिन्याखाली आरामखुर्चीत पडले होते, तर रंगीत काचांतून ऊन उतरलं आणि फरशीवर लाल-हिरवे तुकडे पसरले. दसऱ्याच्या दिवसांत या वेळेला ते नेहमी गावात असायचे.

"रंगू, हे बघितलंस का?" ते ओरडले.

"मला म्हायती हाय," आतून आवाज आला. "दर साली बघती मी."

नाथाजी कितीतरी वेळ त्या उन्हाकडं बघत राहिले. एवढ्या हौसेनं लावलेल्या काचा, आणि त्यांनी घरात काय पाडलं ते बघायला आपल्याला इतकी वर्षं लागली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मग मल्हार गवंडी कट्टा फोडायला आला. जुना कट्टा भक्कम होता, सहजासहजी हलेना. शेवटी निघाला, राडारोडा बाहेर गेला, आणि मल्हारनं टेप काढत रंगुबाईंना हाक मारली. "मामी, या हिकडं. उभ्या ऱ्हावा बगू. उंची किती ठिवू?"

नाथाजी गवंड्यासाठी चहा घेऊन दारात उभे होते. कट्ट्याची उंची या घरात रंगुबाईंना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

रंगुबाई हात पुसत मागं सरकल्या. "मला कशाला उबी करतासा? जी बाई ऱ्हायला येईल तिच्या मापानं करा. आमचं काय, आमी चार दिसाचं."

तक्रार नव्हती. कोथिंबीर आज महाग झाली म्हणावं, तशा सहज बोलल्या. आणि नाथाजींच्या मनात हिशेब सुरू झाला. बायकोनं दर साली मागितलं ते पंधरा दिवसांसाठी कशाला म्हणून टाळलं, आणि तेच आज एका परक्या बाईसाठी पैसे मोजून करायला निघालो, कारण त्यातून काही निघणार होतं. आयुष्यभर केरसुद्धा फुकट जाऊ दिला नाही, आणि घरातली ही बाई पाटावर उभी राहून म्हातारी झाली, ते दिसलं नाही. त्यांनी चहा खाली ठेवला आणि ते गेटापाशी तुटक्या सिंहाजवळ जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

परत आले ते मल्हारच्या पिशवीतली सुतळी घेऊनच.

"हिकडं ये. हात वाकीव, पोळी लाटताना वाकीवतीस तसा."

"आवं, काय करताय? गवंडी बघतोय."

"बघू दे."

नाथाजी खाली बसले. गुडघे कडकडले. सुतळीचं एक टोक त्यांनी रंगुबाईंच्या पावलाशी फरशीवर दाबून धरलं आणि दुसरं वर नेऊन कोपराच्या जरा खाली गाठ मारली. खालूनच, मान वर न करता म्हणाले, "तवाच इचाराय पायजे हुतं, रंगू. चुकलं माजं."

रंगुबाईंनी सुतळी त्यांच्या हातून घेतली, गाठ सोडली आणि चार बोटं खाली नवी मारली. "एवढं वर नगं," त्या म्हणाल्या. माप ठाम होतं. "लाटताना जोर लावाय येत न्हाई."

कट्टा झाला आणि कृष्णात बघायला आला, तेव्हा तो कपाळाला हात लावायचाच राहिला. "मामा, आवं एवढा खाली? गिऱ्हाईक मोडंल की!"

"मोडू दे."

"म्हंजी इकायचं न्हाई का?"

"इकायचं की. इकायचं न्हाई कोन म्हनतंय? पन दुरुस्ती तर हुईल आदी."

त्यालाही दोन दसरे होऊन गेले. दुरुस्ती चालूच आहे. गच्ची झाली, पण बदामी रंग अजून पसंत पडत नाही. सिंहाचा जबडा बसवणारा माणूस कोल्हापूरहून यायचाय, तो कधी येईल ते नाथाजींनाच ठाऊक. जयराज फोनवर विचारतो, "आप्पा, कुठवर आलं?" आणि नाथाजी गंभीर आवाजात सांगतात, "घाई करून चालत न्हाई रं. अर्दवट घर कोन घेतंय?" कृष्णातनं गिऱ्हाइकं आणायचं कधीच सोडलं. येतो तो आता फक्त रंगुबाईंच्या हातच्या पोळ्या खायला.

सकाळचा पहिला चहा नाथाजी करतात. रंगुबाईंच्या मापाचा कट्टा त्यांच्या मांडीला लागतो. आधण बघायला कमरेत वाकावं लागतं, सरळ होताना पाठ धरते. परवा अंथरुणातूनच रंगुबाईंनी विचारलं, "आवं, लय वाकावं लागतंय का?"

"न्हाई गं," नाथाजी कट्ट्याला हात टेकून हळूहळू सरळ होत म्हणाले, "माप बराबर हाय."