रंगुबाईचा तांबडा बैल

रंगुबाई आमच्या गावची आशाताई. खर्ड्याच्या अलीकडच्या या गावात कोणाच्या घरी पाळणा हलणार, कोणाला खोकला लागला, हे तिला त्या घरच्या सासूच्या आधी कळायचं. बोलायला फटकळ; पण पोराचा डोस राहिला, तर बांधावर जाऊन त्याच्या आईला गाठायची. असल्या बाईच्या पुढ्यात देवानं जे वाढून ठेवलं, त्याचा मला आजही राग येतो.

कोरोनाची लस आली तेव्हा लोक बिचकले. कोणीतरी मोबाईलवर वाचलं होतं, की लशीत जिवंत विषाणू असतो. शाळेतल्या शिबिरात एकानं रंगुबाईला तेच विचारलं. तालुक्याच्या प्रशिक्षणातून ती नीट ऐकून आली होती.

"आसतो की! माकडाच्या सर्दीचा विषानू हाय त्यो," ती म्हणाली. "पर त्याला खच्ची केलाय. माझा तांबडा बैल हाय न्हवं, तसा. गाडी वढतो, पर वंश वाढवत न्हाई. ह्यो बी आंगात करोनाची वळख पोचिवतो आन् मरून जातो."

सगळे पोट धरून हसले. त्या दिवशी सुयाही बऱ्याच टोचल्या गेल्या.

पण आमचं गाव ऐकतं एक आणि सांगतं दुसरंच. पारावरच्या रिकामटेकड्यांनी आवई उठवली, की लस घेतली की माणूस खच्ची होतो आणि हे खुद्द रंगुबाईच बोलली. ती दारोदार फिरून सांगत राहिली, "आरं, खच्ची त्यो विषानू, तुमी न्हाई!" पण गावाचं तोंड कोण धरणार?

तिला एकुलता एक मुलगा, कल्याण. नुकतंच लग्न झालेलं. पारावर पोरं त्याला छेडायची, "नवरदेवा, आधी पाळणा हलू दे, मग सुई घे." आईला त्यानं सांगितलं, जामखेडला घेतली. अख्ख्या गावाच्या मोबाईलवरचा लशीचा मेसेज तपासणाऱ्या रंगुबाईनं पोटच्या पोराचा मोबाईल काही मागितला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

भादव्यात कल्याण तापला. बाकीचं राज्य मोकळं झालं होतं, आमच्या जिल्ह्यातली गावं मात्र अजून बंद होत होती. नगरला नेताना गाडीत धापा टाकत तो म्हणाला, "आई, घेतली न्हवती म्या. पोरं व्हनार न्हाईत म्हनले." तिनं त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. तो परत आला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि सून ज्ञानेश्वरी माहेरी गेली, ती तिकडचीच झाली. वंश बुडेल म्हणून पोरानं सुई चुकवली आणि वंशच बुडाला.

रंगुबाई अजून डोस पाजत फिरते. पण एखाद्या आईनं विचारलं, "ताई, ह्यात काय आसतं?" तर म्हणते, "डाक्टरला इचार."

कल्याण गेल्यापासून गाडी कोणी जुंपलेली नाही. तांबडा बैल दावणीला उभा असतो आणि संध्याकाळी ती त्याला वैरण टाकते. मला बघवेना. एकदा म्हणालो, "रंगुबाई, बाजार दाखवा त्याला. रोज डोळ्यांपुढं कशाला?"

"त्येचं काय चुकलं, गुरुजी?" बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. "येक सांगा. म्या त्या दिशी काय बी बोलले नसते, तर माझा कल्याण आज आसता का?"

उभा जन्म शाळेत पोरांना उत्तरं सांगण्यात गेला. त्या संध्याकाळी मात्र मी खाली मान घालून घरी आलो.