पैनगंगेवरचे भोपळे

मेहकरजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. तेव्हा तिथं पैनगंगेवर पूल नव्हता. पावसाळ्यात शाळा गाठायची तर डोंग्यानं. डोंगेवाल्याचं नाव मी चार वर्षांत कधी विचारलं नाही. डोंगा उलटलाच तर तरंगता यावं म्हणून प्रत्येकाच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधल्याशिवाय तो वल्ह्याला हात लावत नसे. त्याआधी एकेक भोपळा पाण्याखाली दाबून धरी आणि बुडबुडा येतो का ते श्वास रोखून बघे.

एकदा एका भोपळ्यातून बारीक बुडबुडे आले. त्यानं तो तिथंच दगडावर फोडला.

डोंग्यात बसलेले तालुक्याचे साहेब चिडले. "अरे, काल तर चांगला होता."

"रातीतून उंदीर कुरतडते, साहेब. त्याले काय मालूम, सकाळी कोन बसनार हाय."

आता माणसं सात आणि भोपळे सहा. मीच उतरलो. नदी फुगली होती. पलीकडे जाऊन यायला त्याला अर्धा तास लागला. तो परतल्यावर मी भोपळ्यासाठी हात पुढं केला. त्यानं दिला नाही. पुन्हा पाण्यात दाबून धरला.

"आत्ताच तर पाहिला होता ना?" मी म्हणालो.

"तो त्यायच्यासाठी पाह्यला, गुर्जी," पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "आता तुमच्यासाठी पाहून राह्यलो."