बगदादहून सर्व क्षेम

पत्राची सुरुवात कशी करायची हे दादा आजोबांकडून शिकला आणि जन्मभर तेच गिरवत बसला. 'ती. आईस शि. सा. नमस्कार. इकडे सर्व क्षेम.' २००६ साली हा माणूस बगदादहून लिहीत होता, तरी इकडे सर्व क्षेमच.

दुबईच्या एका कंपनीनं त्याला तिथे पाण्याचे पंप दुरुस्त करायला नेलं होतं. आई माझ्याकडे अमेरिकेत, चँडलरला राहत होती. मोतीबिंदूमुळे तिला अक्षर दिसेना, म्हणून पत्रं मी वाचायचे. पहिली ओळ मात्र ती माझ्याआधीच म्हणून टाकायची आणि निवांत व्हायची. माझं डोकं फिरायचं ते पुढच्या ओळींनी. शहर नदीवरून दुभंगलेलं, एका काठावर सुन्नी, दुसऱ्यावर शिया. दादाचा ड्रायव्हर अलीकडे, त्याची बायको पलीकडे माहेरी अडकलेली. नावावरून पंथ ओळखून माणसं मारत होते, म्हणून पलीकडे जाताना तो दुसऱ्याच नावाचं ओळखपत्र खिशात ठेवायचा. एवढं लिहून झालं की दादा लिहिणार, 'इथली वांगी मात्र छान असतात.'

"आई, आपण काय लिहितोय ते कळतंय का याला?"

"क्षेम आहे म्हणतोय ना. पुलापलीकडे जाऊ नकोस, असं लिही त्याला."

पंप पुलापलीकडेच होते.

लेकीनं एकदा विचारलं, "व्हॉट्स क्षेम?"

"सगळं ओके असणं."

"देन व्हाय आर यू मॅड?"

त्याचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि हे गृहस्थ आणखी वर्षभर राहायच्या विचारात होते. मी संतापून लिहिलं, एकदा तरी खरं लिही आणि नव्या काँट्रॅक्टवर सही न करता निघून ये.

उत्तर आलं. मी पाकीट फोडलं. आई सवयीनं म्हणाली, "इकडे सर्व क्षेम."

नमस्कारानंतर एकदम ड्रायव्हरच होता. बायकोला आणायला पुलापलीकडे गेला, तो परतलाच नाही. आता गाडी दादा स्वतः चालवत होता. जिच्यावर वर्षभर चडफडले, ती ओळ मी कागदाच्या दोन्ही बाजूंना शोधली.

"वाच ना पुढे."

"आई, त्यानं ते लिहिलेलंच नाहीये."

आईनं पत्र माझ्या हातून घेऊन त्याची घडी केली. मग म्हणाली, "फोन लाव. सही करू नकोस म्हणून मीच सांगते त्याला."