तुळशीवरची भुरी

त्या कार्तिकात आमच्या गच्चीतील तुळशीवर भुरी पडली. पानांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरी बुरशी दिसे. मी नित्य ताकाचे पाणी फवारीत असे आणि रोगट पाने खुडून टाकीत असे. ज्या पानावाचून नैवेद्य पूर्ण होत नाही, त्यावर विष कसे घालावे? येथे कलकत्त्यात, गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात नोकरीस असलेला माझा मुलगा हसे. "बाबा, ताकानं कढी होते, भुरी जात नाही."

एके सकाळी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "पहाटेच तुळशीवर औषध मारलंय, नर्सरीतनं आणलेलं. आज द्वादशी. कुणी पान तोडणार नाही, म्हणून मुद्दाम आजच."

द्वादशीस तुळस तोडू नये, हे त्याला मीच शिकविले होते. परंतु त्याने पाहिली ती पुण्याहून आलेल्या कॅलेंडरातील तिथी, तिकडच्या सूर्योदयाची. कलकत्त्यास सूर्य बराच आधी उगवतो. त्या दिवशी येथे उगवतीला एकादशीच होती, आणि घरात उपवासही त्याच हिशेबाने होता.

स्वयंपाकघरात पत्नी खोकली. तिच्या हातात तुळशीचा काढा होता. पेला अर्धा रिकामा झालेला.

"पानं कधी तोडलीस?"

"आत्ताच. का हो?"

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने डॉक्टरांना फोन लावला व औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचून दाखविली. वाचताना तो दोनदा अडखळला. डॉक्टर म्हणाले, चूळ भरवा, पाणी पाजा, ओकारी मुद्दाम काढू नका. पण चक्कर आली किंवा धाप लागली तर तत्काळ इस्पितळात आणा, असेही त्यांनी सांगितले.

पत्नी मात्र खुर्चीत शांत बसली होती. "एकादशीचं मरण म्हणजे वैकुंठच की! तुम्ही का रडवेले होताय?"

हेच वचन मी आजवर कितीकांना सांत्वनासाठी ऐकविले होते. तिच्या तोंडून मात्र ते मला ऐकवेना.

मुलगा कामावर गेला नाही. ती पलंगावर पडली, आणि मी उशाशी विष्णुसहस्रनाम म्हणू लागलो. मुखोद्गत स्तोत्र, तरी पुनःपुन्हा चुकत होतो. सारे लक्ष तिच्या श्वासाकडे. खोकल्याची प्रत्येक उबळ मला धाप वाटे.

"मोठ्यानं म्हणा," ती डोळे मिटूनच म्हणाली, "नाहीतर झोपू तरी द्या."

दुपार टळल्यावर ती उठून बसली आणि तिने वरीचा भात मागितला. मुलाने तो करपविला. तिने नावे ठेवीत सगळा संपविला, तेव्हा कुठे तो रडला.

भुरी गेली. तुळस आता हिरवीगार आहे, आणि पाने न खाण्याची पाकिटावर सांगितलेली मुदतही केव्हाच उलटली आहे. तरीही पत्नी खोकली की मी गच्चीवर जातो, तुळशीला हात जोडतो, आणि खाली येऊन नुसत्या आल्याचा काढा करतो.