वर्खाची दोन पानं

दादा गेल्याची खबर हैदराबादेहून आली, तेव्हा मी सासरी, युसूफ वडगावला, अंगणात गोवऱ्या थापत होते. तापानं गेला म्हणाले... मी नुसत्या तापाला दोष देणार नाही.

दादा हैदराबादेला कॉलेजात शिकला. तिथं हवा काढलेल्या काचेच्या नळीत वीज सोडलेली त्यानं पाहिली. आत किरण उमटला आणि लोहचुंबक जवळ नेताच वाकला. उजेड असा वाकत नसतो. म्हणून विलायतेतल्या विद्वानांनी ताडलं, की हा वीज भरलेल्या कणांचा झोत आहे, परमाणूहूनही बारीक कणांचा.

"तू पाहिलेस ते कण?" मी विचारलं.

"वारा दिसतो का, शेवंते? उडालेला कडबा दिसतो."

केजला घरी येऊन त्यानं एक बाटली केली. बुचातून तांब्याची तार, तारेला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. लाखेची कांडी घोंगडीवर घासून तारेला लावली, की पानं एकमेकांपासून दूर सरत. तेच कण पानांवर उतरून एकमेकांना ढकलतात, असं तो सांगे. चावडीवर हे दाखवलं, की शाळेत मास्तरकी मिळायची होती. पण वडिलांमागे घरचे कर्ते असलेल्या काकांना तो शेतावर हवा होता. आदल्या दिवशी दादानं माझ्यादेखत त्यांना बजावलं होतं, "काका, बाटलीला ओल लागू देऊ नका. वीज निसटती."

चावडी भरली आणि काका तांब्या घेऊन उठले. "वर्ख बाहेरून आणलाय. आधी शुद्ध करू." दादा नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बाटलीवर गोमूत्र शिंपडलं. दादानं कांडी घासून तारेला लावली; पानं हलली नाहीत.

"का रं, कण झोपले काय तुझे?" काकांनी विचारलं.

चावडी हसली. मास्तरकी गेली. दादा हैदराबादेला गेला, तो परत आलाच नाही.

महिन्याच्या श्राद्धाला मी माहेरी गेले. काका हातात पळी घेऊन पाहुण्यांना सांगत होते, "लई हुशार पोरगं. मीच शिकविलं त्याला." मी चार माणसांत कधी बोलत नाही. पण आतून बाटली आणली, त्यांच्यासमोर ठेवली, घोंगडीवर कांडी घासली. हवा थंडीची, कोरडी. पानं टक्क उघडली.

"काका," मी म्हणाले, "शिंपडा आता."

पळी हातातच राहिली. पाहुणे बाटलीकडे बघत होते, मग काकांकडे.

बाटली मी सासरी आणली नाही. काकांच्या बाजेसमोरच्या कोनाड्यात ठेवलीय. दादामागं त्याच घरात राहिलेल्या वहिनीला कांडी देऊन सांगितलंय, रोज सकाळी त्यांचे डोळे उघडले की घासायची.