डब्लिनच्या घराचं डिपॉझिट

मंडळी, आज दुपारी काष्टीत आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीला, सोनालीला, बघायला पाहुणे आले होते. मुलगा डब्लिनला नोकरीला, म्हणून तो व्हिडिओ कॉलवर आणि त्याचे वडील आमच्या सोफ्यावर.

पोहे संपेपर्यंत वडील मुलाच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं कौतुक करत होते. सोनाली मुलाला म्हणाली, "किचन दाखवता का जरा?" त्यानं मोबाईल फिरवला. कुणीतरी टॉवेल गुंडाळून अंडी उकडत उभा होता. सोनालीनं फ्रिजही उघडायला लावला. प्रत्येक कप्प्यावर वेगळ्या माणसाच्या नावाची चिठ्ठी. या साहेबांच्या वाट्याला खालचा भाजीचा ट्रे.

मुलाच्या वडिलांना लाज वाटली असेल असं वाटलं, तर ते उलट सावरून बसले.

"तिकडं भाडं लई हाय. आमाला हुंडा नको, मानपान नको. फक्त येगळ्या घराचं डिपॉझिट आन् पहिल्या वर्साचं भाडं तुमी भरा. शेवटी तुमचीच पोरगी ऱ्हानार हाय तिथं."

हुंडाच तो, फक्त डब्लिनच्या पत्त्यावर पाठवायचा.

सोनाली शांतपणे म्हणाली, "काका, आमच्याकडं माडीवरची खोली रिकामी हाय. डिपॉझिट नको, भाडं नको. मुलाला इकडं नांदायला पाठवा."

पाहुणे चहा न घेताच उठले.

आता गावात चर्चा सुरू आहे की आमची पोरगी लई आगाऊ. असेल. पण सासऱ्याच्या पैशानं भाड्याचं घर घेणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.