मंगल लिफ्टपाशी का थांबली?

“डी? तू डी मारलंस? वेडी आहेस का गं?”

रिया एवढ्या जोरात ओरडली की गेटबाहेर सँडविचवाल्यापाशी उभी असलेली मुलंही वळून बघायला लागली. पेपर नुकताच सुटला होता. आख्खा वर्ग घोळका करून उत्तरं जुळवत होता. अकराचं काय? सी. बाराचं? ए. बाराचं ए? वाट लागली यार माझी. असं चाललं होतं. मग शेवटच्या उताऱ्यातला तो प्रश्न आला. सगळे एका सुरात म्हणाले, बी. मी म्हटलं, डी.

हसले सगळे. परीक्षेनंतर एखादीचं उत्तर वेगळं निघालं की हसतातच, त्यात काय. मीही हसले. पण रिया थांबेना. “अगं, एवढा सोपा होता! फुकटचा मार्क होता तो. तोही घालवलास?”

फुकटचा मार्क. आठवीत होते मी तेव्हा. आता अकरावीत आहे. तरी तो शब्द आठवला की कान तापतात.

परीक्षा शाळेची नव्हती. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेची होती. इंग्रजी उतारे वाचायचे, खालच्या प्रश्नांना चार-चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलने काळा करायचा. मोठमोठ्या शाळांतून सगळीकडे तोच पेपर. वर्गातल्या बाकीच्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. पास-नापास नाही, प्रगतिपुस्तकात नाही. फार तर आईबापांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला एक सर्टिफिकेट.

माझं मात्र सगळं त्यावर अडकलं होतं. मी आरटीईवाली. म्हणजे सरकारी कायद्याने मोठ्या शाळेत फुकट बसवलेली. पण तेही आठवीपर्यंतच. नववीपासून फी भरा, नाहीतर चालते व्हा. आमच्या घरात त्या फीचं नावही कोणी काढत नव्हतं. रियाच्या मम्मीने माझ्या आईला शब्द दिला होता, “या परीक्षेत चांगलं करू दे तिला. मी ट्रस्टींशी बोलते. फी माफ करून घेऊ.”

माझी आई रियाच्या घरी स्वयंपाकाला होती. जुहूच्या बाजूला, टॉवरमध्ये. त्या दिवसापासून आई त्यांच्या पोळ्यांना जरा जास्तच तूप लावायला लागली होती.

हे वर्गात कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि रियाला. आम्ही दोघींनी कधी ठरवलं नव्हतं, पण बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. शाळा सुटली की रियाला न्यायला गाडी यायची. ड्रायव्हरबरोबर मुलगी एकटी नको, म्हणून पुढच्या सीटवर आई बसून यायची. आई उतरायची, रियाचं दप्तर घ्यायची, दार उघडून धरायची. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. गेटवर ती माझी आई नसायची. नजरेनेच विचारायची, डबा खाल्लास का? मी नजरेनेच हो म्हणायचे. मग गाडी जायची आणि मी वाकोल्याच्या बसला जाऊन उभी राहायचे. रोज. मला त्याची लाज वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. वाटायची. आईची नाही. माझी मलाच.

आता तो उतारा सांगते. उताऱ्यात मंगल नावाची एक बाई असते. ती एका उंच इमारतीत कामाला जाते. रोज सकाळी ती सर्व्हिस लिफ्टसाठी थांबते. समोर दुसरी लिफ्ट दार उघडून उभी असते, तरी ती थांबते. शाळेला निघालेली मुलं त्या लिफ्टमधून उतरतात, त्यांच्याकडे बघून ती हसते. वर गेल्यावर सगळ्यांसाठी गरम नाश्ता करते. सगळ्यांना मंगल फार आवडते. झालं.

प्रश्न: मंगल का थांबली? ए, तिला कामावर जायचा कंटाळा होता. बी, ती सोशिक आणि समजूतदार होती. सी, ती लवकर पोचली होती. डी, तिला दुसरी लिफ्ट वापरायला परवानगी नव्हती.

देवाशपथ सांगते, मी एक सेकंदही विचार केला नाही. इतर उताऱ्यांना मी घाम गाळला होता. एक उतारा बर्फातल्या कुत्र्यांचा होता, एक कुठल्याशा चित्रकाराचा. शब्दन्‌शब्द लावत बसले होते. हा उतारा आला आणि मला वाटलं, आला! हा माझा. हा मला येतो. मे महिन्यात आईबरोबर त्या टॉवरमध्ये गेलेय मी. लिफ्टशेजारी पाटी वाचलीय. घरकामवाले, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले आणि पाळीव प्राणी यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. प्राण्यांच्या वर आमचं नाव होतं, तेवढाच मान. मी डीचा गोल घोटून घोटून काळा केला.

आणि आता गेटवर रिया मला सांगत होती, फुकटचा मार्क.

“उताऱ्यात कुठे लिहिलंय, परवानगी नव्हती म्हणून?” कोणीतरी विचारलं.

“मग समजूतदार होती असं तरी कुठे लिहिलंय?” मी म्हटलं.

“ती हसते ना! चिडली असती तर हसली असती का?”

“हसावं लागतं,” मी म्हटलं. “त्या लिफ्टने जाऊच देत नाहीत. पाटी असते.”

रियाचा चेहरा बदलला. कोणती पाटी ते तिला कळलं होतं. तिच्याच घराखालची. रिया काही दुष्ट नव्हती, हे मी आजही म्हणेन. तिला खरंच वाटत होतं की मी तिच्या घरावर काहीतरी खोटंनाटं घालतेय. ती लालबुंद झाली आणि म्हणाली, “ए, उगाच काहीही बोलू नकोस हां. तुझी आई आमच्याकडेच येते ना कामाला? तिला विचार. कोणी अडवलंय तिला?”

सगळे माझ्याकडे वळले. तुझी आई? हिच्याकडे? स्वयंपाकवाली? कोणी काही बोललं नाही, पण मला सगळं ऐकू आलं. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्लेली मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, की मी आत्ताच कुठून तरी आत शिरलेय.

आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. आई उतरली. नेहमीसारखी रियाचं दप्तर घ्यायला पुढे आली.

“मावशी,” रिया म्हणाली, “तुम्ही आमच्याकडे त्या मागच्या लिफ्टने का येता? तुम्हाला कोणी मनाई केलीय का?”

आईला कळेना काय चाललंय. तिने रियाकडे पाहिलं. घोळक्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मला मनातून ओरडायचं होतं, सांग आई. एकदा सांग. पाटी आहे म्हणून सांग. फक्त “हो” म्हण.

आई हसली.

“नाही गं बाळा,” ती म्हणाली, “मला कोण मनाई करणार? मला तीच बरी पडते. गर्दी नसते.”

“बघ!” रिया म्हणाली. “बी!”

केवढे हसले सगळे. कोणीतरी टाळी दिली. आईला वाटलं मुलांचा काहीतरी गमतीचा खेळ चाललाय, म्हणून तीही थोडी जास्त हसली. माझ्या आईने स्वतःच्या तोंडाने माझं उत्तर चुकीचं ठरवलं होतं आणि मी काय करणार होते? भांडणार कोणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ. गाडीचं दार लागलं. गाडी गेली. मी बसस्टॉपवर गेले, बस आली, चढले. रडूही येईना. मला आईचा राग आला होता. एवढा राग मला रियाचाही आला नाही.

संध्याकाळी आई घरी आली तेव्हा मी पाठ फिरवून बसले होते. ती म्हणाली, “जेवलंस?” मी भिंतीकडेच बघत राहिले. मग तीच आमच्या घरच्या मालवणीत म्हणाली, “रियान गाडीत सांगितल्यान माका सगळा. कित्या तोंड उघडलंस गो?”

“तू खोटं का बोललीस?”

“मग काय सांगू? चार पोरांत तिच्या आयशीची अब्रू काढू?”

“आणि माझी गेली ती?”

आई खाली बसली. मग तिने मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. एकदा सर्व्हिस लिफ्ट बंद होती. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. ती दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरली. आत एक बाई होती, ती पुढच्याच मजल्यावर बाहेर पडली. बोलली काही नाही. दुपारी सोसायटीतून फोन आला. रियाची मम्मी ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “मावशी, मला ऐकून घ्यावं लागतं ना.” त्यानंतर सर्व्हिस लिफ्ट बंद पडली की आई जिन्याने चढायची. गुडघे सुजायचे. मी आयोडेक्स चोळून द्यायचे आणि विचारायचे, आज काय झालं? ती म्हणायची, काही नाही, उभं राहून काम जास्त झालं.

“माका काय ठाऊक नाय?” ती म्हणाली. “पण तुझी नववी व्हयी ना? म्हणान हसलंय मी.”

झालं. आता राग कोणावर काढायचा? माझ्याचसाठी हसली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तेव्हा कुठे रडले. ती म्हणाली, “उद्या शाळेत कोण काय बोलला तर गप ऱ्हव. एवढा कर माझ्यासाठी.” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या मिसनी तोच पेपर वर्गात घेतला. एकेक प्रश्न विचारायच्या आणि हात वर करायला सांगायच्या. मंगलचा प्रश्न आला. बी कोणाकोणाचं? सगळे हात वर. डी कोणाचं? मी हात वर केला. खोटं कशाला बोलू, गोल तर काळा करून झाला होता.

मिस चांगल्या होत्या. हेच तर. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाळा, उताऱ्यात जे आहे त्यावरून उत्तर द्यायचं. घरून काही आणायचं नाही.” वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. म्हणजे कालचं मिसपर्यंतही पोचलं होतं.

मला आत काहीतरी लख्ख दिसलं त्या क्षणी. घरून काही आणायचं नाही? मग या सगळ्यांनी कुठून आणलं? उताऱ्यात तर तेवढंच होतं, बाई थांबली आणि हसली. समजूतदार हे यांनी घरूनच आणलं. यांच्या घरी बाई हसते आणि यांना वाटतं, किती छान आहे आमची मावशी. फक्त त्यांचं घर आणि उतारा लिहिणाऱ्याचं घर एकाच मजल्यावर होतं, म्हणून त्यांना मार्क.

“तर मग बरोबर उत्तर काय?” मिस म्हणाल्या. “उभी राहा आणि सगळ्यांना सांग. म्हणजे लक्षात राहील.”

मी उभी राहिले. रिया माझ्याकडे बघत होती. एक अक्षर म्हणायचं होतं. बी. बी म्हटलं की सगळं मिटत होतं. रिया खूश, तिची मम्मी खूश, ट्रस्टींशी बोलणं, नववी. आईला दिलेला शब्दही राहत होता. माझ्या तोंडावर हसू यायला लागलं. खरंच. गाल आपोआप वर जायला लागले, तस्सेच, आईसारखे. आणि मी घाबरले. मनात म्हटलं, हे असं चिकटतं. एकदा आलं की मग जात नाही.

“डी,” मी म्हटलं.

“अगं, आत्ताच सांगितलं ना—”

“मिस, परवानगी नसते. माझ्या आईला नाही. ती काल खोटं बोलली, कारण तिला बोलावं लागतं. मंगलला पण हसावंच लागतं. उत्तर डी आहे.”

मिसनी पुढचा प्रश्न घेतला. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बस म्हणून कोणी सांगितलंच नाही.

रियाने घरी सांगितलं. तिची मम्मी आईला एवढंच म्हणाली, “मुलीच्या डोक्यात काय काय भरवता हो मावशी?” पुन्हा ट्रस्टींचा विषय निघाला नाही. निकाल लागला. मार्क मला चांगले पडले होते, पुरे होते. शब्द टाकणारं कोणी उरलं नव्हतं. नववीला मी वाकोल्याच्या शाळेत आले. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. एकदाच म्हणाली, “एक अक्षर तर होता गो.” आई अजून तिथेच जाते, मागच्याच लिफ्टने. बंद असली तर जिन्याने. पाटी अजून आहे. मी काही बदललं असं म्हणाल तर काहीही नाही.

तिने हसावं. तिला पोट आहे, गुडघे आहेत, मी आहे. तिला मी दोष देणार नाही आणि कोणाला देऊही देणार नाही. पण तिचं हसू पुढे चालवायला मी नाही. आणि यापुढे माझ्यासमोर कोणीही माझ्या आईला सोशिक म्हणायला तोंड उघडलं, मग ती मिस असो की मॅडम, मी तिला ते वाक्य पुरं करू देणार नाही.